आधी केस काढा, मग काढा

हनोईच्या लान ओंग रस्त्यावर सगळी मुळ्या-सालींचीच दुकानं. पहिल्यांदा गेले तेव्हा एका टोपलीत सोनेरी मांजराची पिल्लं झोपलीत असंच वाटलं. हात लावला तर लाकूड! हा सिबोटियम बॅरोमेट्झ, वृक्षनेच्यांच्या म्हणजे झाडासारख्या उंच फर्नच्या गोतातला. पण याचं खोड जमिनीलगत आडवं वाढतं, आणि औषधाला तेच वापरतात. इथलं नाव 'कौ तिक', म्हणजे कुत्र्याचा कणा. मी आपली कौतिकच म्हणते. कंबर-गुडघे धरले की इथे याचा काढा होतो.

मी पहिल्यांदा केसाळ तुकडा नुसता घासून उकळला. दोन दिवस घसा खवखवत होता, कच्चं अळू खाल्ल्यासारखा. मग शेजारच्या आजींनी रीत शिकवली. लोखंडी कढईत जाड वाळू तापवायची, भडभुंजे फुटाण्यांना तापवतात तशी. वाळू कडक तापली की तुकडे टाकून सारखं परतायचं. केस जळल्याचा वास घरभर होतो, खिडक्या उघड्या ठेवा. गार झाल्यावर सुरीने खरवडा. खाचांतले केस हटकून राहतात. धुऊन रात्रभर भिजवा, वाफवा, मऊ आहे तोवर पातळ काप करून वाळवा.

एवढा खटाटोप नको तर तयार काप मिळतात. कडेपासून जरा आत तपकिरी, उंचावलेली रेघ गोल फिरलेली दिसली की माल खरा. चिनी औषधकोशातलं प्रमाण दिवसाला 6 ते 12 ग्रॅम. मी 10 ग्रॅम तीन कप पाण्यात घालून एक कप उरेतो आटवते. चव तुरट. लघवी कमी आणि जळजळत होत असेल तर इथले वैद्यही देत नाहीत, आणि गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या कमरेला काढ्याने बरं वाटलं की त्याबरोबरच्या शेकाने, देव जाणे.

केसांचं मात्र मी पाहिलंय. भाजण्याआधी मूठभर उपटून कोरड्या बरणीत ठेवा. विळीवर नारळ खवताना बोट कापलं, तेव्हा धुऊन चिमूटभर केस दाबून धरले. रक्त शोषून तिथेच गोठलं. एकोणिसाव्या शतकात सुमात्राहून हेच केस 'पेंगावार जांबी' नावाने युरोपात जात. खोल जखमेला अर्थात टाकेच.

आई म्हणते, येताना दोन तुकडे आण. पण हा नेचा जंगलातून उपटून येतो, साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही. तिच्यासाठी इथल्या बामच्या चार लाल डब्या घेतल्यात.