जुन्या कपड्यांच्या दुकानात कामाला लागण्याआधी

बी.कॉम. होऊन दीड वर्ष मी घरातच होते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात "नोकरी लागली काय गे?" हे "जेवलीस काय?" इतक्याच सहज विचारतात. मग कॉलेजातल्या एका मॅडमनी बेळगावातल्या एका संस्थेच्या दुकानाचा पत्ता दिला. लोकांनी दिलेले जुने कपडे, भांडी, पुस्तकं, चपला तिथं स्वस्तात विकतात आणि त्या पैशातून नोकरी शोधणाऱ्यांना काम शिकवतात, एवढंच मला कळलं. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "म्हणजे बोहारणीचंच काम की!"

आजीचं फारसं चुकलं नव्हतं. बोहारीण दारात बसून साडी उलटसुलट बघते, काठ चाचपते आणि तीन साड्यांवर एक पातेलं द्यायचं की नाही ते ठरवते. आम्हीही तेच करतो, फक्त टेबलावर आणि वहीत लिहून. कल्पनाही जुनीच आहे. 1902 साली बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या पाद्र्यानं श्रीमंत वस्त्यांतून जुनं सामान गोळा केलं, ते दुरुस्त करायचं काम गरिबांना दिलं आणि त्यातून अमेरिकेतली गुडविलची दुकानं उभी राहिली. आपल्याकडं 1999 पासून गूंज ही संस्था शहरातले कपडे खेड्यांत नेते. गावानं रस्ता, तळं, विहीर असं काही काम करायचं आणि त्याबदल्यात कपडे घ्यायचे, अशी त्यांची रीत. आमचं दुकान गुडविलच्या जातीतलं.

आता तुम्ही तिथं जाणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. पहिले पंधरा दिवस तुम्हाला काउंटरवर कुणी उभं करणार नाही. मागच्या खोलीत गाठोडी असतात, तिथं बसवतात. मला याचा राग आला होता. डिग्री घेऊन चिंध्या निवडायच्या? पण पुढं जे काही उपयोगी पडलं त्यातलं निम्मं त्या खोलीतलं आहे.

गाठोडं सोडलं की आधी वास घ्यायचा. पावसाळ्यात आमच्याकडं आलेल्या कपड्यांपैकी बऱ्याचशांना कुबट वास असतो, आणि खानापूरकडं महिना महिना ऊन नसतं, त्यामुळं तो जाता जात नाही. मग कॉलर, काखा, बाह्यांची टोकं, पँटची बैठक. चेन वर-खाली करून बघायची. कापड उजेडाला धरायचं. झिरझिरीत झालं असेल तर लगेच दिसतं. खिसे तपासायचेच. बसची तिकिटं, देवाचा अंगारा, एकदा तर औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळलेली कानातली रिंग. ती देणाऱ्याला परत गेली, कारण गाठोड्यावर नाव आणि तारीख लिहायची शिस्त होती.

त्यानंतर चार ढीग होतात. विकायचं, दुरुस्त करून विकायचं, वाकळीला द्यायचं आणि पुसण्याला द्यायचं. पुसणं म्हणजे उद्यमबागेतल्या, बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या, वर्कशॉपवाल्यांना लागणारी फडकी. ती किलोवर जातात. तिथं सुतीच लागतं, कारण टेरिकॉट तेल पीत नाही, नुसतं पसरवतं. आणि बटण, हुक, चेन सगळं कापून काढावं लागतं. एक बटण राहिलं तर घासूनपुसून तयार केलेल्या जॉबवर, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागावर, ओरखडा उठतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो. असा फोन मी एकदा घेतला आहे. कन्नडमधून आला होता आणि समोरचा काय म्हणतोय ते शब्द न कळताही कळत होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी मोठी चूक केली. एक जुनी इरकल साडी आली होती, रंग उतरलेला, घडीवर थोडी विरलेली. मी तिला ऐंशी रुपयांचं लेबल लावलं. अर्ध्या तासात गेली. दुरुस्तीला बसणाऱ्या मावशी जेवून आल्या आणि वहीत बघून म्हणाल्या, "रेशमाचा पदर होता तो. एवढ्याला दिलीस?" मावशी वडगावच्या, माहेर-सासर दोन्हीकडं हातमाग. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. शिलकीतले तीन तुकडे पुढ्यात टाकले आणि म्हणाल्या, "बोटानं बघ गे, डोळ्यानं काय बघतीस?"

बोटाला कळायला मला दोन महिने लागले. तोवर एक सोपी युक्ती त्यांनीच शिकवली. शिवणीतून एक धागा ओढायचा आणि काडीनं पेटवायचा. सूत कागदासारखं जळतं, मागं हलकी राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गाठ होते. हे दुकानाच्या बाहेर, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून करायचं. आत केलं तर मावशी ओरडतात, तेव्हा मात्र खरंच ओरडतात.

काही वस्तू आम्ही घेतच नव्हतो, कुणी कितीही प्रेमानं दिल्या तरी: आतले कपडे, उशा, औषधं, हेल्मेट. हेल्मेट आधी कुठं आपटलंय ते बाहेरून दिसत नाही. कुकर घ्यायचो, पण गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवून, पाणी घालून एक शिट्टी काढल्याशिवाय मांडायचो नाही. बुटांचं वेगळंच. वर्षानुवर्षं कपाटात पडलेले, दिसायला कोरे बूट घालून माणूस चार पावलं चालला की तळवे सुटून येतात. म्हणून बूट वाकवून बघायचा, दोन्ही.

किमतीचं सांगते, कारण नवीन मुलं इथंच अडखळतात. "गरिबांसाठी आहे तर फुकट का देत नाही?" हे मीही विचारलं होतं. भाडं, लाईट बिल, मावशींचा पगार, वर्गाचा खर्च, सगळं याच गल्ल्यातून निघतं हे एक उत्तर. दुसरं मला काउंटरवर दिसलं. साठ रुपये देणारा माणूस शर्ट तीनदा उलटून बघतो, बटण तुटलंय म्हणून भांडतो आणि पुढच्या आठवड्यात परत येतो. एकदा पुरानंतर आम्ही कपडे वाटले होते, तेव्हा कुणी माप सुद्धा बघितलं नाही. हातात पडेल ते घेऊन माना खाली घालून गेले. मला तो दिवस आवडला नाही.

लेबलं रंगीत असतात. दर आठवड्याला एक रंग. चार आठवडे झालेल्या रंगाचा माल निम्म्या किमतीत, आणि त्यानंतरही राहिला तर पुन्हा ढिगात. नुसतं कपाटाकडं बघून कुठला माल अडलाय ते समजतं. साधी गोष्ट आहे, पण लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

गिऱ्हाईक कोण येतं, हे ऐकण्यासारखं आहे. मला वाटलं होतं फक्त अगदी गरीब येतील. फौंड्रीतले कामगार येतात, त्यांना जाड सुती फुल शर्ट हवे असतात. ठिणगी उडाली तर पॉलिस्टर अंगाला चिकटतं. ऊस आणि भातातल्या बायका पुरुषांचे फुल शर्ट नेतात, साडीवर घालायला, पात्यांनी हात कापू नयेत म्हणून. होस्टेलची मुलं भांडी आणि पुस्तकं नेतात. शाळेच्या कपड्यांची गर्दी दोनदा होते: कर्नाटकातल्या शाळा मे-अखेर ते जूनच्या सुरुवातीला उघडतात तेव्हा एकदा, आणि महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात तेव्हा पुन्हा. चंदगडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगावचा बाजार जवळ. मी होते त्या वर्षी आम्ही जूनच्या आठ तारखेला उरलेले गणवेश मागं टाकले आणि मग पंधरा दिवस "आत्ताच संपले" म्हणत बसलो.

विकत घ्यायला जाणार असाल तर सोबत तुम्हाला नीट बसणारा एक शर्ट आणि शिवणकामाची टेप न्या. लेबलवरच्या नंबरावर जाऊ नका, धुऊन धुऊन ते खोटे पडलेले असतात. आणि स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. आमच्याकडून घेतलेले कोट दोन वर्षांनी तसेच्या तसे परत दान आलेले मी पाहिलेत.

आता भाषा. आम्ही सीमाभागातली मराठी शाळेतली मुलं. कन्नड विषय म्हणून शिकलेली. वाचता येतं, लिहिता येतं, पेपर सुटतो. पण कुणी तोंडावर बोललं की जीभ टाळूला चिकटते. काउंटरवर पहिल्याच दिवशी सौंदत्तीकडची एक आजी समोर उभी राहिली. "एष्ट री इदु?" म्हणजे केवढ्याला हे? मी बोटं दाखवली. तिनं "कम्मी माड्री", कमी करा, म्हटलं तेव्हा मी हसले, कारण दुसरं काही सुचेना. तिला वाटलं मी कमी केलं. पन्नासला नेली साडी.

मग मी एक वही केली. रोज पाच वाक्यं. मोठं आहे का, लहान आहे का, धुऊन आलंय, परत घेत नाही, रविवारी बंद. बैलहोंगलची एक मुलगी माझ्याबरोबर होती, तिला मराठी येत नव्हतं. ती माझ्याकडून शिकायची, मी तिच्याकडून. दुपारी दुकान रिकामं असलं की ती मराठीत भाव करायची आणि मी कन्नडमध्ये नाही म्हणायचे. तीन महिन्यांत मी शुद्ध नाही, पण न घाबरता बोलायला लागले. सीमेच्या वादावर दोघींच्या घरी काय बोलतात ते दोघींनाही माहीत होतं. आम्ही तो विषय काढला नाही, वेळही नव्हता.

नोकरीच्या तयारीचा वर्ग आठवड्यातून दोन दुपारी असायचा. बायोडेटा, मुलाखतीचा सराव, थोडं एक्सेल. खरं सांगायचं तर एक्सेल मी दुकानातली आवक-जावक भरूनच शिकले, वर्गात नाही. पण वर्गात एक काम फार चांगलं झालं: कागदपत्रांची तपासणी. इकडं हा मोठा घोळ असतो. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्कलिस्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. आपण सुनीता लिहिताना टी लिहितो, कन्नड पद्धतीनं टाईप करणारा टी-एच लिहितो. वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी, तोही गोंधळ. नोकरी लागल्यावर पीएफच्या वेळी हे अडतं. माझ्या नावात असाच एक एच जास्तीचा होता, तो काढायला दीड महिना गेला. तुम्ही आजच सगळे कागद एकाखाली एक ठेवून अक्षर न अक्षर बघा.

मुलाखतीचे कपडे दुकानातून उसने मिळतात. इथं एक गैरसमज असतो. आयटीआयमधून टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, झालेला एक मुलगा टाय मागत आला होता. मावशींनी त्याला टाय दिला नाही. फिका शर्ट, गडद पँट आणि आठ नंबरचे सेफ्टी शूज दिले, पॉलिश करून. मशीन शॉपवाला आधी पायाकडं बघतो म्हणाल्या. तो मुलगा अजून कामावर आहे.

कामाला लागण्याआधी संस्थेला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. लाजू नका. मानधन किती आणि कुठल्या तारखेला, मुलाखतीला जायला सुट्टी मिळेल का, आणि शेवटी पत्र देणार का व त्यात काय लिहिणार. मी हे विचारलं नाही. मला मिळालेल्या पहिल्या पत्रात नुसतं "स्वयंसेविका म्हणून सेवा दिली" असं होतं. आठ महिने स्टॉक सांभाळला आणि कागदावर सेवा! तीन चकरा मारल्या तेव्हा "साठा नोंद, किंमत ठरवणे, विक्री" असं लिहून मिळालं. पहिल्या पत्रावर मला कुणी बोलावलंच नसतं.

येण्याजाण्याचं म्हणाल तर जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, त्यामुळं खानापूर-बेळगाव मला तिकीट पडलं नाही. सकाळची बस मात्र अशी भरते की एक पाय दारात ठेवून यावं लागतं. आठच्या आधीची पकडा.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्टोअर्सच्या जागेसाठी मुलाखत झाली. साहेबांनी पहिला प्रश्न इंग्रजीत विचारला, दुसरा कन्नडमध्ये. आधी आलेला माल आधी गेला पाहिजे, हे कसं बघशील? मी पुस्तकातलं उत्तर द्यायला लागले आणि मध्येच सोडून रंगीत लेबलांचं सांगितलं, कन्नडमध्येच, चुकत-माकत. त्यांनी विचारलं, चार आठवड्यांनी उरलं तर? म्हटलं, साहेब, ते तुमच्याच कारखान्यात येतं, मशीन पुसायला. ते हसले आणि शेजारच्याला म्हणाले, बटण राहिलेलं फडकं यांच्याकडचंच होतं काय बघा.

होतं. मी कबूल केलं. एक तारखेपासून या म्हणाले.