नऊ चौकोनांची वाकळ: सह्या आणायला निघण्याआधी

सिंगापूरहून सुटणाऱ्या डिस्ने ॲडव्हेंचर या सफरीच्या जहाजावर मिकीसारखी डिस्नेची पात्रं लोकांना भेटतात, तिथं आम्ही सहा जण जाणार होतो. आता तिघंच जातोय. दिवाळीनंतर माझ्या भाचीला रक्ताचा कर्करोग निघाला आणि भाऊ, वहिनी, लेकरू सेलूहून इकडं संभाजीनगरला उपचारासाठी येऊन राहिले. या आजाराचे लहान मुलांचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. तिचा नवा पासपोर्ट कपाटात तसाच आहे. आम्हीही जाणं रद्द करणार होतो, पण तीच म्हणाली, "आत्या, तुम्ही जा आणि मला सगळ्यांच्या सह्या आणा." तेव्हापासून घरात एकच तयारी चालू आहे. असंच कुणाच्या आजारी माणसासाठी निघणार असाल तर उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून ठेवते.

पहिलं काम बाजाराचं नाही, विचारण्याचं आहे. काय आणायचं हे आपण ठरवायचं नाही. मी आधी मऊ बाहुले आणायचे म्हणत होते. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी सरळ नाही म्हटलं. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा साधा जंतूही महागात पडतो, आणि केसाळ बाहुला नीट धुता येत नाही. ताजी फुलं नको, मातीची कुंडी नको. जे धुता येईल किंवा पुसता येईल तेच तिच्याजवळ जाऊ शकतं. सह्यांची वही चालली असती, पण वही दोनदा उलटून उशाशी पडून राहते. ती दिवसातला बराच वेळ अंथरुणावर असते, म्हणून अंगावर घेता येईल अशी वस्तू हवी होती. माझ्या आईनं तिथंच ठरवून टाकलं: सह्या कापडावर घ्यायच्या, वाकळ मी शिवते.

मग लेकराला विचारलं, कुणाकुणाच्या हव्यात. चौकटीची वही पुढं ओढून तिनं तीन बाय तीन असे नऊ चौकोन आखले. मिकी, मिनी, गुफी, प्लूटो, एल्सा, मोआना, आणि डोनाल्ड, कारण तो चिडतो आणि तिलाही सध्या फार चिडायला होतं. आठवा चौकोन तिनं मोकळा सोडलाय, "तुम्हाला जो भेटेल तो." मधला नववा कुणाचा ते सांगेना. ही वही मी प्रवासात सोबत नेणार आहे. यादी तिच्या हातची असली की तीही या कामात असते. नुसती भेट येण्याची वाट बघत बसणं आजारी लेकराला जड जातं.

आठ सह्यांवर मी मुद्दाम थांबले. ही सफर तीन किंवा चार रात्रींची असते, आमची तीन रात्रींची आहे. जहाज वाटेत कुठल्याही बंदराला लागत नाही, त्यामुळं सगळा वेळ जहाजावरच मिळतो, हे आपल्या सोयीचं. पण रांगा असतात, आणि माझा स्वतःचा नऊ वर्षांचा मुलगा सोबत आहे. बहिणीसाठी त्याला दिवसभर रांगेत उभं केलं तर ते त्याच्यावर अन्याय होईल. दिवसाला तीन भेटी, त्यातल्या एकीला तो, बाकी मी. तेवढ्या वेळात त्याचे बाबा त्याला पोहायला, खेळायला नेतील. हे निघण्याआधी मुलाशी बोलून ठरवलंय, जहाजावर भांडण नको.

कापडाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चुका तिथंच होतात. गुलमंडीवरून दोन मीटर पांढरं मांजरपाट आणलं. नव्या कापडाला खळ असते, ती न काढता लिहिलं तर शाई वरवर बसते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. म्हणून कापड आधी गरम पाण्यात दोनदा धुतलं, गच्चीवर वाळवलं, कडक इस्त्री केली आणि आठ इंचाचे बारा चौकोन कापले. आठ सह्यांचे, एक मधला आणि तीन जास्तीचे. चारी बाजूंनी एक-एक इंच सोडून पेन्सिलीची फिकट रेघ मारली, सही त्या रेघेच्या आत यावी म्हणून. बाहेरचा इंच शिवणीत जातो. मोआनाच्या नावाचं शेवटचं अक्षर टाक्याखाली गेलं तर लेकरू मला सोडणार नाही. कापणं घरीच उरकायचं, कारण विमानात हातातल्या बॅगेत कात्री चालत नाही.

पेन कापडावर लिहायचंच हवं. साधं मार्कर कापडावर पसरतं. औरंगपुऱ्यातून तीन प्रकारची आणली आणि उरलेल्या तुकड्यावर तिन्हींनी मिकीचं नाव लिहून परीक्षा घेतली. एक दिवस वाळू दिलं, वरून पातळ कापड टाकून वाफ न सोडता इस्त्री फिरवली, मग तिचे कपडे जसे धुतले जातात तसे पाच वेळा धुतले. पहिल्या पेनाची शाई लिहितानाच धाग्याधाग्यानं फुटली, मिकीच्या नावाला मिशा आल्यासारखं दिसायला लागलं. दुसरं तिसऱ्या धुण्यात फिकट निळं पडलं. तिसऱ्याचं काळं पाचव्या धुण्यानंतरही तसंच राहिलं. तेच चार नग घेतले. किती गरम पाणी चालतं आणि इस्त्री किती वेळ फिरवायची, हे पेनाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते पाकीट फेकू नका. आणि पेनं गाडीत ठेवून जाऊ नका. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, टोकं सुकतात.

पेन जाड दांड्याचं हवं, हे मला उशिरा सुचलं. मिकीच्या हाताला चार बोटांचा फुगीर मोजा असतो, त्यात बारीक पेन धरता येत नाही. आमची पेनं बारीक निघाली, म्हणून त्यांच्या दांड्यांवर सुती चिंधी गुंडाळून वरून चिकटपट्टी लावली. मुलाच्या थंडीच्या हातमोज्यात हात घालून लिहून पाहिलं, जमलं. कापड लुसलुशीत असतं, हातावर धरून सही होत नाही. परीक्षेचा लाकडी पॅड काढला, त्याला कापड वरून त्याच्याच चापानं आणि खालून दोन क्लिपांनी ताणून बसवलं. खाली एक कोरा कागद ठेवायचा, नाहीतर शाई पॅडला लागते आणि पुढच्या चौकोनाच्या पाठीवर उमटते. आपला नंबर आला की टोपण काढलेलं पेन आणि सुलट धरलेला पॅड पुढं करायचा. एवढंच केलं तरी दोन मिनिटांतलं एक मिनिट वाचतं.

ते वाचलेलं मिनिट तिच्यासाठी वापरायचं. मुखवट्यातली पात्रं बोलत नाहीत, मिकी-गुफी-प्लूटो सगळं हातवाऱ्यांनी सांगतात. एल्सा, मोआना यांसारखी चेहरा उघडा असलेली पात्रं मात्र बोलतात. म्हणून एका जाड कार्डावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत तिचं नाव, वय आणि एकच ओळ लिहिलीय: ती आमच्यासोबत येणार होती, बरी नाही म्हणून घरी आहे. आजाराचं नाव लिहिलेलं नाही, ते तिनंच नको म्हटलं. फोटोचंही तिलाच विचारलं. मला वाटलं होतं ती जुना, दोन वेण्यांचा फोटो देईल. तिनं आत्ताचा दिला, डोक्याला वहिनीचा पिवळा रुमाल बांधलेला. "आत्ताची मी अशीच आहे ना." तुम्हीही कुणाचा फोटो दाखवणार असाल तर त्याला विचारल्याशिवाय दाखवू नका.

व्हिडिओ घ्यायचा असेल तर शेजारी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आधी विचारायचं. घरच्यांना जहाजावरून थेट कॉल लावण्याचं वचन मी दिलेलं नाही. समुद्रावर इंटरनेटचे वेगळे पैसे पडतात आणि लेकरू फोन धरून बसलं आणि कॉल लागलाच नाही तर तिचा हिरमोड होतो. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. रोजचे व्हिडिओ साठवून ठेवायचे आणि उतरल्यावर आपल्याकडच्या सकाळी, ती ताजी असताना पाठवायचे.

जहाजाबद्दल माहीत असावं ते असं. मार्च २०२६ पासून ते सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरहून सुटतं. फार मोठं आहे, सात भागांत विभागलेलं. टॉय स्टोरी प्लेस, मार्व्हल लँडिंग, वेफाइंडर बे अशी नावं आहेत. नकाशा घरीच पाहून ठेवा. डिस्नेचं नॅव्हिगेटर नावाचं ॲप निघण्याआधी फोनमध्ये घ्या. कोणतं पात्र कुठं, किती वाजता भेटणार हे त्यात येतं आणि जहाजाच्या वायफायवर ते इंटरनेटचे पैसे न भरता चालतं. काही भेटींना आधी वेळ नोंदवावी लागू शकते, त्यामुळं बुकिंग झालं की तेही बघायचं. रांग वेळेआधी बंद करतात, दिलेल्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी उभं राहा. जहाजावर चढल्याबरोबर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन विचारायचं, की वस्तू ठेवून घेऊन सह्या करून देतात का. डिस्नेच्या जहाजांवर अशी सोय होत आलेली आहे. मिळाली तर अर्धं काम तिथंच होईल. पण त्या भरवशावर राहून रांगा सोडायच्या नाहीत. ज्यांच्या पोशाखात पेन धरताच येत नाही अशी काही पात्रं सही करत नाहीत, तिथं हट्ट न धरता त्यांच्याबरोबर तिच्या कार्डाचा फोटो काढायचा. नोटेवर, झेंड्यावर, अंगावर किंवा अंगातल्या कपड्यावर सही मागू नये.

कागदपत्रांचं थोडक्यात: पासपोर्टला सहा महिन्यांची मुदत शिल्लक, सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं, त्याला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर ती साइट खोटी समजा. आम्ही रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन पुढं विमान धरतोय. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ पडेल. जहाज सुटायच्या एक दिवस आधी सिंगापुरात पोहोचा. बॅगेत चुइंगम नको, ते सिंगापुरात नेता येत नाही. जहाजावर इस्त्रीही नेता येत नाही. त्यामुळं सही झालेले चौकोन पूर्ण वाळू द्यायचे, दोन कागदांच्या मध्ये सपाट ठेवून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालायचे आणि इस्त्री घरी. हा फोल्डर हातातल्या बॅगेत राहील. मोठी बॅग हरवली तर कपडे पुन्हा घेता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडं मीही आधी दुर्लक्ष केलं होतं. एवढ्या माणसांत तीन दिवस राहून आपण आजारी लेकराकडं परत येणार आहोत. बंद जहाजांवर जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस झपाट्यानं पसरतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरनं तो नीट मरत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. म्हणून जेवणाआधी आणि प्रत्येक रांगेनंतर साबणानं हात. मुलाला आत्तापासून सवय लावतेय. परतल्यावर लगेच तिच्याकडं धावायचं नाही. किती दिवस थांबायचं हे तिच्या डॉक्टरांनी ठरवून दिलंय, आणि तिघांपैकी कुणालाही ताप, खोकला, जुलाब झाला तर ते दिवस वाढतील. हे तिलाही आधीच सांगितलंय. "मग वाकळ पण थांबणार?" असं विचारलं तिनं. थांबणार, पण शिवून होईपर्यंतच.

ते दिवस आईच्या कामाला येतील. मी इथं चौकोनांना इस्त्री करून, धुऊन सेलूला पाठवणार. जाड वाकळ आतून लवकर वाळत नाही म्हणून आई या वेळी पातळ करतेय, पाठीला तिचं जुनं मऊ लुगडं, तेही उकळून घेतलेलं. मध्ये चिंध्यांचं भरण नाही. धावदोरा सह्यांच्या भोवतीनं फिरेल, सहीवरून नाही. शिवून झाल्यावर पुन्हा एकदा धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून मगच तिच्या खोलीत.

मधल्या चौकोनाचं काल कळलं. त्यावर ती स्वतः सही करणार आहे, आम्ही परत आल्यावर, सगळ्यांच्या झाल्यानंतर. काळं पेन नको म्हणाली. हिरवं आणलंय, त्याचीही पाच धुण्यांची परीक्षा चालू आहे, आज चौथं धुणं वाळत पडलंय. ती रोज फोन करून विचारते, शाई टिकली का.