‘बीपी नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका: अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत या चुका टाळा

अत्यवस्थ रुग्ण तातडीच्या विभागात दाखल झाला की पहिला प्रश्न बहुधा ‘बीपी किती?’ हाच असतो, आणि वरचा आकडा ११०-१२० असल्याचे कळले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. या विभागात होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत महागात पडणारी चूक मला हीच वाटते. रक्तस्राव सुरू झाला की शरीर हृदयाचे ठोके वाढवते, त्वचेच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळून धरते आणि मेंदू व हृदय यांचा पुरवठा सांभाळते. त्यामुळे निरोगी प्रौढाचे १५ ते ३० टक्के रक्त वाहून गेले तरी वरचा रक्तदाब जागच्या जागी राहू शकतो. तो घसरू लागतो तेव्हा शरीराची राखीव ताकद संपत आलेली असते. लहान मुलांमध्ये तर रक्तदाब कमी होणे ही शॉकची (अवयवांना पुरेसे रक्त न मिळण्याच्या अवस्थेची) फार उशिरा दिसणारी खूण आहे.

रक्तदाब वाचायचाच, तर दोन्ही आकडे वाचावेत. ११८/९४ या नोंदीतला वरचा आकडा दिलासा देतो, परंतु दोहोंमधले अंतर २४ वर आलेले आहे, हे रक्तवाहिन्या आवळल्या गेल्याचे लक्षण असू शकते. नाडीच्या दराला वरच्या रक्तदाबाने भागून येणारी संख्या ०.९ पेक्षा अधिक असेल, तर रुग्ण वरवर शांत दिसत असला तरी त्याच्यापासून दूर जाऊ नये. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची नाडी मात्र रक्तस्रावातही फारशी वाढत नाही, म्हणून औषधांची चौकशी आधी करावी. रक्तदाब मोजताना गुंडाळायचा पट्टा (कफ) दंडाच्या मानाने लहान असेल तर रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, हेही ध्यानात असू द्यावे.

मॉनिटर जे दाखवत नाही ते हाताला कळते. बोटाचे टोक दाबून सोडल्यावर ३ सेकंदांनंतरही रंग परतत नसेल, हातपाय गार पडले असतील, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसत असेल किंवा लघवी तासाला दर किलो वजनामागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी होत असेल, तर अवयवांना पुरेसे रक्त मिळत नसल्याची शंका घ्यावी.

श्वासाचा दर हा केसपेपरवरचा सर्वांत दुर्लक्षित रकाना आहे. तिथे न मोजताच ‘१८’ किंवा ‘२०’ लिहून टाकण्याची सवय जवळपास सर्वत्र आढळते. रुग्णाच्या लक्षात येऊ न देता पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहून तो मोजावा. रक्तातील आम्लता वाढली की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढवते, म्हणूनच सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या अवस्थेत) रक्तदाब उतरण्याच्या आधीच हा दर अनेकदा २५ च्या पुढे गेलेला असतो. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर हे काम करू शकत नाही. मास्कने भरपूर ऑक्सिजन मिळत असलेल्या रुग्णाचा श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साठत असतानाही यंत्र ९८ टक्के दाखवत राहते, आणि गुंगीत जाणाऱ्या त्या रुग्णाला ‘आता झोप लागली’ असे समजले जाते. धुरात सापडलेल्या रुग्णाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल, तर हे यंत्र चक्क फसते.

बेशुद्ध रुग्णाची रक्तशर्करा न तपासताच त्याला सीटी स्कॅनला पाठवणे अक्षम्य आहे. तोंडाला दारूचा वास येत असेल तर ती अधिकच आवर्जून तपासावी. छातीत हवा कोंडून एका बाजूचा श्वास ऐकू येईनासा झाला आणि रक्तदाब झपाट्याने घसरू लागला, तर एक्स-रेची वाट न पाहता ती हवा बाहेर काढायची असते.

रक्तस्रावात सलाईनच्या बाटल्या एकामागून एक सोडत राहणे ही जुनी खोड आहे. त्यामुळे रक्त गोठवणारे घटक पातळ होतात आणि शरीर थंड पडते. थंड व आम्लयुक्त झालेले रक्त नीट गोठत नाही, मग रक्तस्राव आणखी वाढतो. वाहती जागा दाबून धरणे, रुग्णाला उबदार ठेवणे आणि रक्त लवकर मागवणे अधिक उपयोगाचे आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारे औषध) द्यायचे असल्यास इजा झाल्यापासून ३ तासांच्या आत, १ ग्रॅम १० मिनिटांत द्यावे. त्यानंतर ते सुरू केल्यास अपाय होण्याचा धोका असतो.

तीव्र ॲलर्जीत श्वास अडकत असताना आधी अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइड देऊन वाट पाहत बसणे ही तितकीच घातक चूक आहे. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत लगेच द्यावे आणि फरक न पडल्यास ५ मिनिटांनी पुन्हा द्यावे. घाईघाईत हाच डोस थेट शिरेत गेल्यास हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून औषध कोणत्या मार्गाने द्यायचे आहे ते सांगणाऱ्याने मोठ्याने उच्चारावे आणि देणाऱ्याने ते परत म्हणून दाखवावे.