हॉस्पिसच्या बागेत काम करताना या चुका टाळा

हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या आजारातल्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेत, बागकामासाठी येणारे बहुतेक स्वयंसेवक घरी उत्तम बाग फुलवणारे असतात, आणि पहिल्या काही महिन्यांतल्या चुका त्या सवयीतूनच होतात. घरची बाग आपण उभ्याने, तिच्यातून फिरत पाहतो. इथे ती उशीला टेकून, कित्येकदा आडवे पडूनच पाहिली जाते. घरी कलम लावताना चार वर्षांनी येणाऱ्या आंब्याचा विचार करता येतो. इथे बाग पाहणाऱ्या माणसाच्या हाताशी काही महिने असतात, कधी केवळ काही दिवस. देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे वांद्र्याचे शांती अवेदना सदन, १९८६ साली सुरू झाले. त्यानंतर अनेक शहरांत अशा संस्था उभ्या राहिल्या आणि बहुतेक ठिकाणी अंगणाचा एखादा तुकडा किंवा निदान कुंड्यांपुरता व्हरांडा असतोच. अशाच एका संस्थेत आम्ही सात-आठ जण दर रविवारी काम करतो. पुढे लिहिलेल्या बऱ्याचशा चुका आमच्या हातून झालेल्या आहेत आणि त्या इतरांच्या हातून होऊ नयेत, असे मनापासून वाटते.

पलंगावरून बाग न पाहणे

पहिल्या पावसाळ्यात आम्ही वॉर्डाच्या खिडक्यांखाली लांबलचक वाफा खणून झेंडू, झिनिया आणि ॲस्टर लावले. दसऱ्यापर्यंत वाफा इतका भरला की रस्त्यावरून जाणारे लोक थांबून पाहत असत. एका रविवारी तिथल्या सिस्टर मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “ताई, या रिकाम्या पलंगावर जरा पडून बघा.” मी पडले. खिडकीचा कठडा जवळजवळ साडेतीन फूट उंच असल्यामुळे मला गज, त्यांच्यामागे कुंपणाच्या भिंतीचा वरचा भाग, विजेची तार आणि आभाळ एवढेच दिसले. झेंडूचे एक फूलही दिसले नाही. तीन महिन्यांची मेहनत ज्यांच्यासाठी होती, त्यांच्यापैकी जो उठू शकत नव्हता त्या कोणालाही तो वाफा दिसला नव्हता.

म्हणून काहीही लावण्यापूर्वी सिस्टरांना विचारून प्रत्येक खोलीत एकदा पलंगावर पडून पाहावे आणि तिथून काय दिसते ते वहीत लिहून घ्यावे. कठड्याच्या उंचीला येईल अशी लोखंडी मांडणी करून तिच्यावर कुंड्या ठेवाव्यात आणि गजांच्या एका बाजूला गोकर्णाचा वेल चढवावा. सगळी खिडकी मात्र वेलाने झाकू नये, कारण उजेड आणि वारा यांची गरज फुलांपेक्षा मोठी आहे. दहा-बारा फुटांवर शेवगा लावला तर तो वर्षभरात खिडकीच्या वर जातो आणि फुलांवर शिंजीर हे चिमुकले पक्षी येऊ लागतात. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, त्यामुळे तो वाटेपासून दूर असावा. आमच्याकडे आता पलंगावरून सर्वांत जास्त पाहिले जाते ते हे झाड, आणि शिंजीर आला की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप जातो.

आपल्याला आवडतो तो वास सर्वांना आवडेल असे मानणे

रातराणी लावण्याची सूचना माझी होती. मे महिन्यातल्या उकाड्यात तिला बहर आला आणि एका खोलीची खिडकी रात्रभर बंद राहू लागली, कारण आतल्या बाईंना त्या वासाने मळमळत असे. केमोथेरपीनंतर आणि काही औषधांमुळे वासाची जाणीव फार बदलते, आणि एरवी सुखावणारा मोगराही असह्य होऊ शकतो. उग्र वासाची झाडे खिडकीपासून दूर, जिथे ज्याला हवे तो जाऊन वास घेऊ शकेल अशा ठिकाणी असावीत. गवती चहा, तुळस, ओवा यांची पाने चुरगळल्यावरच भरपूर वास देतात, त्यामुळे ती हातात देण्याजोगी आहेत. वास घ्यायचा की नाही, हे मग रुग्णाच्या मर्जीवर राहते. शेणखत पसरणे आणि निंबोळी तेल फवारणे ही कामे जेवणाच्या वेळी किंवा उघड्या खिडकीखाली करू नयेत.

मातीला निरुपद्रवी समजणे

ही चूक सर्वांत गंभीर आहे. कुजलेला पालापाचोळा, कंपोस्ट आणि जुनी कोरडी माती यांत ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू मोठ्या संख्येने असतात. निरोगी माणसाच्या श्वासातून ते रोज आत जातात आणि त्याला काही होत नाही. पण ज्याच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या आहेत किंवा जो बराच काळ स्टिरॉइड घेत आहे, त्याच्या फुफ्फुसांत त्यांचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. कंपोस्टचा ढीग इमारतीपासून लांब ठेवावा, तो उपसण्याआधी झारीने भिजवून घ्यावा म्हणजे धूळ उडत नाही, आणि उपसणाऱ्याने एन-९५ मास्क व हातमोजे वापरावेत. कोणत्या रुग्णाने मातीला हात लावावा हे स्वयंसेवकाने परस्पर ठरवू नये. ते त्या दिवशी डॉक्टरांना किंवा सिस्टरांना विचारावे, कारण मागच्या रविवारचे उत्तर या रविवारी लागू असेलच असे नाही. खोलीत कुंडी किंवा फुलदाणी ठेवण्याबाबतही हेच लागू आहे.

याच संदर्भात झाडांच्या निवडीबद्दल सांगायला हवे. कण्हेर आणि बिट्टी यांचे सर्व भाग विषारी असून ते हृदयावर परिणाम करतात. तरीही पूजेची फुले म्हणून ती लावली जातात आणि भेटीला आलेली मुले किंवा विस्मरण झालेले वृद्ध ती सहज तोंडात घालू शकतात. डिफेनबेकिया या शोभेच्या झाडाचे पान चावले तर तोंड आणि जीभ सुजते. गाजरगवत दिसताच फुलण्याआधी मुळासकट काढावे, कारण त्याने त्वचेची आणि श्वसनाची ॲलर्जी बळावते.

पाणी आणि वाट

नळी वाटेवर आडवी टाकून ठेवू नये. चाकाच्या खुर्चीसाठी वाट निदान चार फूट रुंद असावी आणि चढ असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी द्यावी; बारीक खडीत चाके रुततात, म्हणून खडी नकोच. पावसाळ्यात शेवाळ दर आठवड्याला घासून काढावे. कुंड्यांखालच्या ताटल्या नुसत्या ओतून न ठेवता घासाव्यात, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. गवत कापण्याचे यंत्र दुपारच्या झोपेच्या वेळी चालवू नये, हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते.

उगवायला वेळ लागणारे बी हातात देणे

रुग्णांना काही पेरायला आवडते म्हणून आम्ही उत्साहाने झेंडूचे बी दिले, ज्याला फूल यायला दोन महिने लागतात. देताना तसे काही मनात नव्हते, पण घेणाऱ्याने मनातल्या मनात दिवस मोजले असतील, हे नंतर लक्षात आले. आता आम्ही मेथी, अळीव आणि मोहरी देतो. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, अळीव त्याहूनही लवकर.

आयुष्यभर शेती केलेल्या एका आजोबांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर मेथीची उथळ कुंडी ठेवली होती. मी झारी उचलली, तेव्हा त्यांनी मातीत करंगळीचे पेर खुपसून पाहिले आणि म्हणाले, “आज नको, ओल हाय अजून. आन् कापताना खालनं दोन बोटं सोडा, उपटू नका, परत फुटंल.” आम्ही त्यांना विरंगुळा द्यायला गेलो होतो, त्या खोलीत शेतीतले जाणते मात्र तेच होते. रुग्णाला निवांत बसवून त्याच्यापुढे काम करून दाखवण्यापेक्षा त्याला विचारावे, आणि सांगितलेले करावे. “लवकर बरे व्हाल” असे म्हणू नये, आणि परवानगीशिवाय फोटो तर मुळीच काढू नयेत.

त्या कुंडीवर आम्ही आजोबांच्या नावाची चिठ्ठी लावली होती. ते गेल्यानंतरच्या रविवारी ती कुंडी नावासकट व्हरांड्यात तशीच होती आणि शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ ती पाहत होते. आता चिठ्ठीवर पिकाचे नाव आणि पेरणीची तारीख एवढेच असते. कोणाची कुंडी कोणती हे सिस्टरांच्या वहीत लिहिलेले असते, आणि घरचे लोक सामान न्यायला आले की सिस्टर ती वही पाहून विचारतात, की ही न्यायची आहे का. आजोबांची मेथी त्यांच्या सुनेने नेली, तोवर ती दुसऱ्यांदा फुटली होती.