अवरक्त डिटेक्टर तपासताना या चुका टाळा

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं क्रायोस्टॅटच्या (डिटेक्टर अतिथंड ठेवणाऱ्या निर्वात भांड्याच्या) खिडकीवर धातूचं टोपण बसवतात आणि म्हणतात, ‘अंधार झाला, आता डार्क करंट मोजू,’ म्हणजे उजेड नसतानाही डिटेक्टरमधून वाहणारा करंट. अरे, ५ मायक्रॉनपर्यंत पाहणाऱ्या डिटेक्टरला खोलीतलं टोपण काळं दिसत नाही, स्वतःच्या उष्णतेनं तळपताना दिसतं! झाकण आतच हवं, आणि डिटेक्टरइतकं थंड.

जेम्स वेब दुर्बिणीच्या निअरस्पेक या अवरक्त वर्णपट घेणाऱ्या उपकरणात मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड या अवरक्त टिपणाऱ्या अर्धवाहकाचे २०४८ × २०४८ पिक्सेलचे डिटेक्टर आहेत. त्यांचा डार्क करंट पिक्सेलमागे सेकंदाला ०.०१ इलेक्ट्रॉनपर्यंतच असावा अशी अपेक्षा होती, म्हणजे शंभर सेकंदांत एक. या पातळीला कुठूनही शिरलेला उजेड मोजमाप बुडवतो.

आमचा आकडा एकदा ०.३ वर अडला होता. तापमान ४० वरून ३७ केल्विनवर आणलं, तरी ढिम्म. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. पिक्सेलमधला उष्णतेचा करंट थंड केल्यावर झपाट्याने उतरतो. तो उतरत नसेल तर मी आधी उजेडावर संशय घेते, मग वाचन-सर्किटच्या (पिक्सेलमधला विद्युतभार मोजणाऱ्या चिपच्या) स्वतःच्या चमकेवर. एक सहकारी म्हणाला, ‘सॉफ्टवेअरमध्ये वजा करून टाकू.’ मी साफ नाही म्हटलं. सरासरी वजा होते, तिच्यासोबत आलेला गोंगाट तिथेच राहतो. तीन आठवड्यांनी, रात्री कुणीतरी व्हॅक्यूम गेज (भांड्यातला दाब मोजणारं यंत्र) बंद केला आणि आकडा कोसळला. त्या आयन प्रकारच्या गेजची तापलेली तार आत उजेड पाडत होती आणि तो वायरींच्या भोकातून डिटेक्टरभोवतीच्या थंड ढालीच्या आत पोचत होता. तेव्हापासून मोजणीआधी गेज बंद करते, आणि वायरींची वाट वाकडी, आतून काळी ठेवते.

घाई हा दुसरा रोग. तेजस्वी प्रकाश दाखवून लगेच डार्क (अंधारातलं मोजमाप) घेतला, तर आधीच्या प्रतिमेचं भूत त्यात उतरतं. अडकलेले विद्युतभार सावकाश सुटतात. मी उजेडाच्या चाचण्या शेवटी ठेवते आणि त्यानंतरची रात्र मोकळी सोडते. ‘दोन-चार रीसेट मारले’ (म्हणजे पिक्सेल पुन्हा शून्यावर आणले) हे उत्तर मला पुरत नाही.

कपाटात ठेवलेला डिटेक्टर सुरक्षित, असंही समजू नका. वेबचे काही डिटेक्टर साध्या तापमानाला ठेवलेले असताना बिघडत असल्याचं २०१० मध्ये दिसलं. पिक्सेलच्या जोडणीतला अडथळ्याचा थर सदोष होता, त्यातून जोडणीतला इंडियम हा मऊ धातू पुढे सरकत होता. रचना बदलून नवे डिटेक्टर करावे लागले. म्हणून काही महिन्यांनी राखीव नगही पुन्हा थंड करून तपासा.

शेजारच्या पिक्सेलांमधली धारिता (जिच्यामुळे एका पिक्सेलचा संकेत शेजाऱ्यातही उमटतो) विसरून गेन, म्हणजे आकड्याचं इलेक्ट्रॉनांशी असलेलं प्रमाण, काढला, तर तो १०-२० टक्के चुकू शकतो.

थंड करताना मिनिटाला एका केल्विनपेक्षा जास्त वेग मी देत नाही. खालचं सिलिकॉनचं वाचन-सर्किट आणि वरचा अवरक्त टिपणारा थर सारखे आकसत नाहीत, ताण त्यांना जोडणाऱ्या इंडियमच्या टिकल्यांवर येतो.

आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा नसेल, तर डिटेक्टरच्या डब्याला हातसुद्धा लावू नका.