वाफ्यात मेलेला उंदीर सापडला तर

खुरपणी करताना मेलेला उंदीर किंवा घूस निघाली, तर उघड्या हाताने उचलू नका. रबरी हातमोजे, मास्क, बंद बूट घाला. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फक्त त्या जनावरावर फवारा, पाच मिनिटं थांबा. मग आजूबाजूची वीतभर माती धरून फावड्याने उचला. विहिरीपासून लांब, दोन फूट खोल पुरा आणि वर दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात.

खरी चूक यानंतर होते. लोक मातीत ब्लीच ओततात. सेंद्रिय पदार्थांशी गाठ पडताच त्याचा जोर संपतो. मरतात ती गांडुळं. मूठमूठ चुनाही नको: मातीचा सामू (pH) वाढतो, झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात.

उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात, कोरड्या मातीत मात्र लवकर मरतात. म्हणून पाणी तोडा, माती खालीवर करून दोन-तीन आठवडे कडक ऊन द्या. पावसाळ्यात हे जमत नाही. तेव्हा वाफा मोकळाच ठेवा. त्या जागी कोथिंबीर, मुळा, गाजर चार महिने लावू नका. भेंडी, मिरची आधी चालेल, कारण फळ मातीला टेकत नाही.

विष खाऊन मेल्याची शंका असेल तर कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, मांजर-कुत्र्यांनाही लांब ठेवा. एकाच वेळी बरेच उंदीर मेलेले दिसले तर हात न लावता आरोग्य विभागाला कळवा. प्लेगची शक्यता तपासावी लागते.