जास्वंदीवर पांढरं दिसलं की आधी मुंग्या शोधा

शिगमो झाला आणि ऊन तापायला लागलं की आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे घरोघरी एकच तक्रार सुरू होते, जास्वंदीला कापूस लागलाय, कळ्या गळतायत, शेंडे वाकडे झालेत. चतुर्थीला गणपतीच्या पायाशी घरचं लाल फूल हवं असेल तर झाड मार्च-एप्रिलातच सावरायला घ्यावं लागतं, म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, लगेच दुकानात धावू नका. सकाळी झाडाकडे जा, पान उलटं करा, शेंडा बघा, पानाचा देठ खोडाला चिकटतो ती बेचकी बघा. बहुतेक कीड तिथेच असते आणि आपण वरून पान बघून म्हणतो झाड सुकतंय, पाणी कमी पडलं असेल, आणि अजून पाणी ओततो.

कापसासारखे पांढरे पुंजके असतील आणि बोटाने दाबल्यावर चिकट लागलं तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे दाटीवाटीने बसलेले असतील तर मावा. पानाखाली पांढऱ्या पावडरीची गोल गोल नक्षी आणि झाड हलवलं की पांढरे चिलट उडतात, ती पांढरी माशी, पेरूवरून जास्वंदीवर येते बरेचदा. पिटकुळीच्या (इक्झोराच्या) किंवा क्रोटनच्या फांदीवर तपकिरी टेंगळं दिसतात, नखाने खरवडली की सुटतात, ती खवले कीड. हे सगळे रस शोषणारे, आणि सगळ्यांच्या अंगातून गोड चिकट पाणी गळतं. त्या चिकटपणावर काळी काजळी धरते, लोक त्या काजळीवर बुरशीनाशक मारत बसतात आणि मूळ कीड तशीच राहते.

आता मुंग्यांचं. त्या गोड पाण्यासाठी मुंग्या मिलीबगला अक्षरशः राखतात, त्यांना खाणारे किडे आले तर हाकलतात, आणि पिल्लांना एका फांदीवरून दुसरीवर नेतात. आंब्यावरचे हुमले, म्हणजे पानं जोडून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, अळ्या खातात हे खरं, पण जास्वंदीवर तेच हुमले मिलीबगला सांभाळताना मी बघितलेत. म्हणून खोडाला आधी कागद किंवा टेप गुंडाळायची आणि त्यावर ग्रीस लावायचं. सालीवर थेट ग्रीस नको, झाडाला त्रास होतो. भिंतीला, गेटला, कपड्यांच्या दोरीला टेकलेल्या फांद्या पण कापायच्या, नाहीतर मुंग्या त्या वाटेने येतात आणि ग्रीस फुकट जातं.

मग जास्त लागलेले शेंडे कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवून मग फेका, कंपोस्टच्या खड्ड्यात नको. उरलेल्या फांद्यांवर पाईपने जोरात पाणी मारा, पानाच्या खालून. मावा तर निम्मा तेवढ्यानेच जातो. मिलीबग जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून घासा, कंटाळवाणं काम आहे पण दोन-तीन झाडं असतील तर याच्यासारखा उपाय नाही.

त्यानंतर नीम तेल. एक लिटर पाण्याला ५ मिली तेल आणि १-२ मिली लिक्विड साबण. आधी तेल आणि साबण एकत्र घोटायचं आणि मग थोडं थोडं कोमट पाणी घालायचं, थेट पाण्यात ओतलं तर तेल वर तरंगतं आणि झाडावर एकाच जागी पडून पानं जळतात. आधी एकाच फांदीवर मारा, दुसऱ्या दिवशी बघा, पान नीट असेल तरच सगळीकडे. संध्याकाळीच मारायचं, आपल्याकडचं दुपारचं ऊन आणि तेल म्हणजे पान भाजलंच समजा. सात दिवसांनी परत, असं तीनदा. एकदाच मारून सोडलं तर कापसाच्या आतली अंडी वाचतात आणि पुढची पिढी तयार.

एक गोष्ट मला फार महागात पडली ती सांगते. एका दुकानातून जालीम औषध आणून मारलं होतं, झाड चार दिवस स्वच्छ दिसलं आणि तीन आठवड्यांनी आधीपेक्षा दुप्पट कापूस. नंतर कळलं की मिलीबगसारखी दिसणारी पण मोठी, लांब पांढऱ्या झुबक्यांची आणि पटापट चालणारी जी अळी असते ती मिलीबग खाणाऱ्या भुंग्याची पिल्लं असतात, क्रिप्टोलीमस म्हणतात त्याला. मी त्यांनाच मारलं होतं. मिलीबग सुस्त असतो, हलतच नाही जवळजवळ, ही अळी भराभर फिरते. ती दिसली तर फवारणी थांबवा, काम तिला करू द्या.

कढीपत्त्यावर, लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती पुढे हिरवी होते आणि तिचं फुलपाखरू होतं. तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी, डोळ्यांसारख्या निळ्या ठिपक्यांची अळी, खाली काळ्या गोळ्या पडलेल्या असतात त्यावरून कळतं. या हाताने उचलायच्या, औषधाची गरजच नाही. तुळशीला आणि कढीपत्त्याला रासायनिक औषध अजिबात नको, आपण खातो ना ते.

झाड हाताबाहेर गेलं तर लागलेली फांदी पिशवीत बंद करून तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवा, किंवा जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात, दक्षिणेकडच्यांना मडगावला. औषध घ्यावंच लागलं तर डब्यावरचा विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण बघा, लाल असेल तर अंगणात आणूच नका. आणि युरिया बंद करा काही दिवस, लुसलुशीत कोवळे शेंडे आले की मावा पहिला तिथेच बसतो. जूनला पाऊस धरला की मिलीबग बराच धुऊन जातो, पण ग्रीसची पट्टी तेव्हाही बघत राहा, पावसात ती सुटते.